हात लावलेला हत्ती

वांग्यांना हात लावला तेव्हा अरवमुदनच्या मनात काहीच नव्हतं. सोमवारची सकाळ होती, बायकोने, कोमलमने, सांबारासाठी वांगी आणायला सांगितली होती, आणि वेस्ट मांबलमच्या बाजारात तो नेहमीसारखा दोन वांगी दाबून, तिसरं उचलून, परत ठेवून पुढच्या टोपलीकडे वळला होता. "सार," टोपलीमागची बाई म्हणाली, "हात लावलात ना? मग आता तीच घ्या. दिवसभर तुम्ही लोक दाबून दाबून जाता, संध्याकाळी माझ्याकडे वांगी नाहीत, भरीत उरतं." शेजारच्या दोघीतिघी हसल्या. बाई काही चिडलेली नव्हती. असं ती रोज प्रत्येकालाच ऐकवत असणार. एरवी अरवमुदनही हसला असता, भाव आणखी थोडा पाडून मागितला असता. पण त्याचे कान तापले. त्याने हात लावलेली सगळी वांगी घेतली, त्यात एक किडकं होतं तेही घेतलं, सुटे पैसे परत न घेता तो बाजाराबाहेर आला आणि देवळाच्या तळ्याच्या कठड्याशी पिशवी धरून उभा राहिला. बाईने त्याच्या डोळ्यांत बघून विचारलं होतं. काल असं विचारणारं समोर कुणी नव्हतं, आणि नव्हतं म्हणूनच जे झालं ते झालं, हे आता या भाजीच्या पिशवीपाशी त्याला पहिल्यांदा स्वच्छ दिसलं.

काल तमिळ आडी महिन्यातला शेवटचा रविवार. आडीत लग्नं लागत नाहीत, मंगल कार्यालयं ओस पडतात, म्हणून त्यांच्या बुद्धिबळ मंडळाची वार्षिक स्पर्धा कित्येक वर्षं आडीतच होते. कार्यालयाचा मालक स्वतः वाईट का होईना पण खेळणारा; तो महिनाभर जेवणाची दालनं फुकट देतो. ज्या लांबट टेबलांवर एरवी केळीची पानं मांडतात त्यांवर पट मांडायचे, भिंतींना मुरलेल्या सांबाराच्या वासात खेळायचं, आणि ज्या व्यासपीठावर नवरानवरी बसतात तिथल्या दोन लाल मखमली खुर्च्यांपैकी एकीवर करंडक ठेवायचा, दुसरीवर मंडळाचे चिटणीस दोरैस्वामी पंच म्हणून बसायचे. नवरीच्या खुर्चीवर दोरैस्वामी, हा विनोद दर वर्षी होतो आणि दर वर्षी ते लाजतात. आवणी महिना लागला की दुसऱ्याच दिवशी फुलवाले येतात, म्हणून शेवटच्या रविवारी संध्याकाळच्या आत सगळे डाव संपवावे लागतात. काल सगळे संपले होते. एकच चालू होता, अरवमुदन आणि सेल्वनायगम यांचा. बाकीचे मागच्या स्वयंपाकघरात बोंडे तळले जात होते तिकडे गेले होते. दोरैस्वामीसुद्धा "तुम्ही दोघं सज्जन आहात, तुम्हाला पंच कशाला" असं म्हणून, हातातली प्लेट भरायला गेले.

सज्जन, हा शब्द त्याला आता तळ्याच्या कठड्याशी चावला.

सेल्वनायगम एका बँकेत टेलिफोन ऑपरेटर होता आणि लहानपणीच्या तापात त्याची दृष्टी गेली होती. त्याचा पट वेगळा असे: प्रत्येक घराला भोक, प्रत्येक मोहऱ्याला खाली खुंटी, काळ्या मोहऱ्यांच्या डोक्यावर टाचणीएवढा उंचवटा. समोरच्याचा पट नेहमीचा. तुम्ही तुमच्या पटावर चाल करायची आणि तोंडाने सांगायची, तो ती आपल्या पटावर बसवणार, चाचपणार, विचार करणार आणि आपली चाल सांगणार. पटाच्या आठ उभ्या रांगांना अक्षरांऐवजी कुठल्या तरी परदेशी माणसांची नावं घेऊन हाक मारायची रीत आहे, म्हणजे ऐकण्यात घोटाळा होत नाही. त्यामुळे मांबलमच्या त्या जेवणघरात हेक्टर, गुस्ताव, फेलिक्स अशी पाहुणे मंडळी सतत वावरत असत आणि मालकाची आई एकदा म्हणाली होती, यांना कुणी जेवायला का वाढत नाही. बोटांनी पट बघताना सेल्वनायगमला सगळ्या मोहऱ्यांना हात लावायची मुभा असते. खुंटी भोकातून निघाली तरच त्याने मोहऱ्याला हात लावला असं धरतात. डोळे असणाऱ्याला ती मुभा नाही. त्याने हात लावला की तोच मोहरा हलवायचा. सरळ, लहान मुलालाही ठाऊक असलेला नियम.

आणि काल, सेल्वनायगमचं एक प्यादं वजीर होण्यापासून दोनच घरं दूर असताना, अरवमुदनने हत्ती धरला. नुसतं बोट टेकवलं नाही. अंगठा आणि दोन बोटांनी हत्ती धरून तो पटापासून वर घेतला, कागद सरकवता येईल इतका. शह द्यायचा होता. वर घेतल्याक्षणीच त्याला दिसलं की हत्ती कुठेही नेला तरी एक तर ते प्यादं सुटतं नाहीतर हत्तीच मरतो. डाव फक्त एका चालीने वाचत होता, राजाने एक घर खाली यायचं. त्याने समोर बघितलं. सेल्वनायगमची मान खाली, बोटं स्वतःच्या पटावर त्याच हत्तीभोवती फिरत होती, ओठांवर बारीकसं हसू होतं. अरवमुदनने दाराकडे बघितलं, व्यासपीठाकडे बघितलं, दोरैस्वामींच्या रिकाम्या मखमली खुर्चीकडे बघितलं. मग हत्ती जिथून उचलला होता तिथेच, आवाज न करता, मोठ्या काळजीने ठेवला आणि म्हणाला, "राजा, फेलिक्स, दोन." आवाज अगदी नेहमीसारखा आला, याचंच त्याला नंतर जास्त आश्चर्य वाटलं.

ऑफिसात त्याला त्या सोमवारी सैदापेटच्या एका जळलेल्या कापडदुकानाची पाहणी होती. विमा कंपनीचा सर्वेक्षक म्हणून त्याने आयुष्यभर हेच केलं होतं: राखेत उभं राहून माणसांना विचारायचं, माल कुठे होता, दिवा कुणी लावला होता, तुम्ही त्या वेळी कुठे होता. खोटं बोलणारा माणूस आधी दाराकडे बघतो, हे त्याने हाताखालच्या कितीतरी पोरांना शिकवलं होतं. आज दुकानदार त्याच्या पुढेमागे करत होता, "सार, दिवाळीसाठी भरलेला माल होता, सगळ्या सिल्कच्या साड्या," आणि अरवमुदनला ओल्या राखेच्या वासात कालचं जेवणघर दिसत होतं. मी दाराकडे बघितलं. आधी दाराकडे, मग खुर्चीकडे. दुकानदाराच्या साड्या सिल्कच्या नव्हत्या हे जळक्या काठावरून कुणालाही कळलं असतं; नायलॉनचा गोळा झालेला होता. अरवमुदनने तो गोळा बुटाने बाजूला केला आणि काहीच विचारलं नाही. दुकानदार गोंधळला. हा माणूस पैसे खाणारा असावा असा त्याने अंदाज बांधला असणार, कारण त्याने लगेच थंड पेय मागवलं, आणि अरवमुदन ते प्यायलाही.

त्याला हरण्याची भीती नव्हती, हे तो स्वतःला पुन्हा पुन्हा सांगत होता, आणि ते खरंही होतं. या वर्षी तो करंडकाच्या आसपासही नव्हता. सेल्वनायगम होता. कालचा डाव जिंकला असता तर सेल्वनायगम पहिल्यांदाच मंडळाचा विजेता झाला असता. बरोबरी झाली म्हणून करंडक अर्ध्या गुणाने कॉलेजातल्या कण्णपिरान मास्तरकडे गेला, जो दर वर्षी जिंकतो आणि दर वर्षी भाषण करतो. मग कशासाठी? मित्राचा करंडक घालवून अरवमुदनला काय मिळणार होतं? हे असं होतं की त्या क्षणी त्याला करंडक आठवला नाही, मित्रही आठवला नाही. त्याला फक्त वाटलं की दालनात कुणी नाही. दारात कुणी नाही, व्यासपीठावर कुणी नाही, समोर कुणी नाही. समोर सेल्वनायगम बसलेला होता, त्याच्या केसांच्या तेलाचा वास येत होता, आणि अरवमुदनच्या मनाने हिशेब केला की इथे मी एकटा आहे. नियम मोडला हे तर झालंच, पण ज्याच्याबरोबर इतकी वर्षं शनिवार-रविवार घालवले तो माणूस एका दमात त्याने खुर्चीतून पुसून टाकला होता. हे मनात आलं की त्याला स्वतःची शिसारी येई आणि तो दुसरं काहीतरी आठवायला लागे.

पण आठवे तेही तेच. सेल्वनायगम मंडळात आला तेव्हा सगळ्यांनी त्याचं फार प्रेमाने स्वागत केलं होतं, आणि त्या प्रेमाने तो महिन्याभरात हैराण झाला होता. कुणी मुद्दाम हरायचं. कुणी चांगला चाललेला डाव बरोबरीत सोडून "वा, काय स्मरणशक्ती आहे हो तुमची" म्हणायचं. मालकाच्या आईने तर त्याच्या डोक्यावरून हात फिरवला होता, बाप्या माणसाच्या. मग एका शनिवारी तो अरवमुदनसमोर बसला आणि अरवमुदनने त्याला धुतला. अर्ध्या तासात, वजीर मारून, आणि वर सांगितलं, "सार, तुमची सुरुवात म्हणजे नुसती घाण आहे. हे कुणी शिकवलं तुम्हाला?" दोरैस्वामींचा चेहरा पडला. आणि सेल्वनायगम खुर्चीत मागे रेलून इतका हसला की त्याच्या डोळ्यांतून पाणी आलं. "अरे अय्यंगारा," तो म्हणाला, "कुठे होतास इतके दिवस?" तेव्हापासून अरेतुरे. तेव्हापासून मंडळात कुणी नवीन आलं की सेल्वनायगम सांगायचा, इथे एकच माणूस माझ्याशी खेळतो, बाकीचे माझी सेवा करतात. अरवमुदनला हे ऐकायला आवडायचं. फार आवडायचं. आपण सरळ माणूस आहोत यावर त्याचा जो काही विश्वास होता, तो बराचसा सेल्वनायगमच्या तोंडून आलेला होता.

आणि कालचा तो शेवट! राजा खाली आल्यावर पुढे काही उरलं नाही. प्यादं अडलं, हत्तीच्या बदल्यात हत्ती मारला गेला, दोन राजे एकमेकांसमोर मठ्ठपणे उभे राहिले. सेल्वनायगमने "बरोबरी?" विचारलं आणि हात पुढे केला, थोडा डावीकडे, टेबलावरच्या पाण्याच्या पेल्याच्या दिशेने. अरवमुदनने त्या हातापर्यंत आपला हात नेला. "काय चाल होती रे ती राजाची," सेल्वनायगम हात सोडेनाच. "मी हत्तीची वाट बघत होतो. देवाशप्पथ सांगतो, कुणीही हत्तीच हलवला असता. कण्णपिरानने हलवला असता. मी हलवला असता. तू नाही हलवलास!" तोवर माणसं बोंडे खात परत आली होती, आणि त्याने ती चाल सगळ्यांना दाखवली, आपल्या पटावर, बोटांनी, एकेकाला थांबवून. करंडक गेल्याचं त्याला वाईट वाटलं नव्हतं असं नाही. त्याचा चेहरा उतरला होता. पण त्या उतरलेल्या चेहऱ्यानेच तो सांगत होता, "गेला तर असा जावा. चांगल्या चालीने जावा." अरवमुदनने हातातला बोंडा तसाच प्लेटमध्ये परत ठेवला.

सोमवारी दुपारी ऑफिसात फोन आला. "टेबलावर आहेस का राखेत?" सेल्वनायगमचा आवाज. बँकेच्या फोनवरून तो सगळ्या शहराशी फुकट बोलायचा. "ऐक. उद्या संध्याकाळी घरी ये. एक काम आहे, फोनवर सांगायचं नाही. आणि आमच्या मॅनेजरला तुझी राजाची चाल समजावून सांगितली. त्याला बुद्धिबळातलं ओ का ठो कळत नाही, पण वा वा केली बिचाऱ्याने. ठेवतो, लाइनवर हेड ऑफिस बोंबलतंय."

संध्याकाळी कोमलमने ताटात वांग्याचं सांबार वाढलं आणि तो नुसता भात कालवत बसला. "एक किडकं होतं," ती म्हणाली. "बाजारात डोळे कुठे ठेवले होते?" मग त्याने तिला सांगितलं, सगळं, हत्ती किती वर उचलला होता तेसुद्धा बोटांनी दाखवलं. कोमलमने आधी हसण्यावारी नेलं. "अहो, लाकडाचा हत्ती तो. मला वाटलं कुणाच्या दुकानाचा दावा बुडवलात." त्याने मान वर केली नाही तेव्हा ती थांबली. तिने त्याच्या भातावर ताक ओतलं. "हे बघा. सांगायचं तर उद्या सांगा. नाहीतर मग कधीच सांगू नका, गिळा आणि गप्प बसा. वर्षभराने सांगाल, तर ते त्याच्यासाठी नसणार, तुमच्या पोटाला आराम पडावा म्हणून असणार." "आणि उद्या सांगितलं तर?" त्याने विचारलं. कोमलमने विचार केला. "उद्याही थोडं पोटासाठीच," ती म्हणाली, "पण थोडं त्याच्यासाठी."

मंगळवारी कोडंबाक्कमला बसमधून उतरून चालताना त्याने वाक्यं जुळवली आणि मोडली. सेल्वा, मला तुला काही सांगायचंय. नको, हे सिनेमातलं वाटतं. सेल्वा, परवा काय झालं माहितेय? जणू काही गंमत. उजेड अजून होता, गल्लीत पोरं क्रिकेट खेळत होती, आणि त्याला एकदा असंही वाटलं की घरी कुलूप असेल तर बरं. कुलूप नव्हतं. सेल्वनायगम दारातच खुर्ची टाकून बसला होता, वेष्टी नेसून, केस चापून बसवलेले, आणि त्याच्या मांडीवर तो खुंट्यांचा पट होता. "आलास? चप्पल तुझीच, फटक फटक. बदल आता. बस. कॉफी थर्मासमध्ये आहे, तूच ओत, मी ओतली की तुझा चेहरा दयाळू होतो असं मला वाटतं." अरवमुदनने कॉफी ओतली. पटावर रविवारचा डाव लावलेला होता. नेमकी तीच अवस्था. प्यादं दोन घरं दूर, हत्ती जागेवर.

"काम असं आहे," सेल्वनायगम म्हणाला. "पुढच्या महिन्यात कोइंबतूरला खुली स्पर्धा आहे. रजा मंजूर झाली. तिथे मला शेजारी एक माणूस बसवता येतो. माझ्या चाली त्याने समोरच्या पटावर करायच्या, समोरच्याच्या मला सांगायच्या, घड्याळ बघायचं. दोरैस्वामी यायला एका पायावर तयार आहेत, पण ते डुलक्या काढतात. तू ये."

"मीच का?" अरवमुदनने विचारलं. उत्तर ऐकायचं नव्हतं तरी विचारलं.

"का म्हणजे? अरे, तिथे डोळस लोक बसणार समोर. मोहरा धरतात, उचलतात, जमत नाही म्हटलं की गुपचूप ठेवतात. मला काय दिसणार? शेजारचा माणूस खमका हवा. ताडकन म्हणाला पाहिजे, साहेब, हात लावलात, आता तोच हलवा. भिडेखातर गप्प बसणारा नको. आणि तुला भीड कसली ती नाहीच." तो हसला. त्याची बोटं सवयीने हत्तीवर टेकली होती.

अरवमुदनला वाटलं, आता हो म्हणावं. हो म्हणून कोइंबतूरला जावं, तीन-चार दिवस याच्याशेजारी बसावं, दुसऱ्यांच्या हातांवर घारीसारखी नजर ठेवावी, आणि असं करून ते फेडून टाकावं. हा विचार इतका सोयीचा होता की त्याची त्याला भीती वाटली.

"सेल्वा, मी हत्तीला हात लावला होता."

"कुठल्या?"

"ह्याच. रविवारी. राजा हलवायच्या आधी."

गल्लीत कुणीतरी बाद झालं आणि त्यावरून पोरांचं भांडण जुंपलं. सेल्वनायगमने हत्तीची खुंटी भोकातून काढली आणि हत्ती मुठीत धरला. "उचलला होतास?"

"हो. थोडासा."

"शह द्यायला."

"हो."

"आणि मग दिसलं."

"हो. मग ठेवला."

"आवाज आला नाही," सेल्वनायगम स्वतःशीच म्हणाल्यासारखा म्हणाला.

"मी सांभाळून ठेवला." हे सांगायची गरज नव्हती, पण अरवमुदनला आता काहीच मागे ठेवायचं नव्हतं. "दोरैस्वामींना आज सांगतो. करंडक तुझा आहे. सगळ्यांसमोर सांगतो, रविवारी, मीच उभा राहून सांगतो."

"खबरदार!" सेल्वनायगमचा आवाज एकदम चढला, इतका की समोरच्या पोरांनी खेळ थांबवून बघितलं. मग त्याने आवाज खाली आणला. "खबरदार कुणाला सांगितलंस तर. अक्कल आहे का तुला? तू उभा राहून सांगणार, तुझं पोट हलकं होणार, लोक म्हणणार बघा किती मोठ्या मनाचा माणूस. आणि मी? आज मी अर्ध्या गुणाने हरलेला खेळाडू आहे. तू सांगितलंस की मी कोण? ज्याला फसवला तो आंधळा. म्हातारी परत डोक्यावरून हात फिरवणार. करंडक घरी आणून देतील, हार घालून! मला नको तो." तो दम लागल्यासारखा थांबला. "मी बँकेत सगळ्यांना ती चाल ऐकवली रे. मॅनेजरला ऐकवली."

"चाल बरोबरच होती," अरवमुदन म्हणाला आणि जीभ चावली.

"चाल बरोबर होती. तुझी नव्हती."

कॉफीवर साय धरली होती. माफी मागावी असं अरवमुदनला वाटलं आणि त्याने मागितलीही, पुटपुटत, लहान मुलासारखी. सेल्वनायगमने ती ऐकली की नाही कळलं नाही. तो हत्ती तळहातावर फिरवत होता. राग उतरला होता आणि त्या जागी जे आलं होतं ते अरवमुदनला रागापेक्षा वाईट वाटलं, कारण त्यात त्याच्याविषयी काहीच नव्हतं. नुसता थकवा होता.

"तुला एक सांगू?" सेल्वनायगम म्हणाला. "दुसऱ्या कुणाशीही खेळताना मी कान लावून बसतो. सगळा वेळ. बाही घासली का, लाकूड टेबलावर टेकलं का, श्वास अडकला का. पुष्कळदा चुकतो, उगाच संशय घेतो, बोलत नाही. पण कान लावावा लागतो. अर्धं डोकं त्यातच जातं. लोकांना वाटतं मी चालींनी दमतो." त्याने हत्ती भोकात बसवला, दाबून. "तुझ्याशी खेळताना मी कान बंद करायचो. इतकी वर्षं. तेवढाच आराम होता मला."

मारलं असतं तर बरं, असं अरवमुदनला खरोखर वाटलं. त्याला उठून जावंसं वाटत होतं, पण उठून जाणं म्हणजे पुन्हा या माणसाला खुर्चीतून पुसणं, आणि तेवढं तरी आता करायचं नाही म्हणून तो बसून राहिला.

"कोइंबतूरला येतोस ना?" सेल्वनायगमने विचारलं.

"अजून हवा आहे मी?"

"दोरैस्वामी डुलक्या काढतात, सांगितलं ना. आणि तिकीट काढायला हवं, गाड्या भरल्यात." त्याच्या आवाजात थट्टा आणायचा प्रयत्न होता, आली नाही. "चल, आत तुझ्यासाठी दुसरा पट आहे, तो आण. एक डाव टाकू. असंच उठून गेलास तर पुन्हा यायचा नाहीस, मला माहीत आहेस तू."

अरवमुदनने पट आणला, मधल्या स्टुलावर मांडला. मोहरे लावताना प्रत्येक मोहरा टेकवताना आवाज होईल असा त्याने तो मुद्दाम टेकवला, मग आपण हे मुद्दाम करतोय हे कळून त्याला आणखीनच मेल्याहून मेल्यासारखं झालं. पांढरे त्याच्याकडे आले. त्याने राजाच्या पुढचं प्यादं दोन घरं सरकवलं आणि सांगितलं, "प्यादं, इवा, चार."

एरवी सेल्वनायगमची बोटं एवढ्यात उत्तर देऊन मोकळी व्हायची. आता तो थांबला. त्याने मान किंचित वळवली, उजवा कान स्टुलाच्या बाजूला करून, अनोळखी माणसाशी फोनवर बोलताना करत असेल तशी, आणि अगदी सभ्यपणे, जराही टोमणा न मारता विचारलं, "हात काढलास?"

"काढला," अरवमुदन म्हणाला.

मग सेल्वनायगमने आपली चाल केली. अरवमुदनने घोडा बाहेर काढला, घराचं नाव सांगितलं, आणि त्याने पुन्हा विचारू नये म्हणून घाईघाईने, घसा खाकरून, आपणहून म्हणाला, "हात काढला." सेल्वनायगमने मान हलवली, आणि तरीही, उत्तराची चाल करण्याआधी, क्षणभर ऐकत राहिला.